'ले' की 'लो'? आधी आपल्या मराठी 'ला'ची झडती घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पॅनिशची ए-टू पातळी झाली, बी-वन चालू आहे (युरोपीय मोजपट्टीवरची दुसरी आणि तिसरी पायरी), कर्मांच्या सर्वनामांचे दोन्ही तक्ते तोंडपाठ आहेत, गाळलेल्या जागाही बरोबर भरता येतात. पण बोलताना 'तिला' म्हणायची वेळ आली की 'ले' म्हणू की 'ला', इथे गाडी अडते. एका वाक्यात दोन सर्वनामं आली तर पाच-पाच सेकंद शांतता. शिक्षिका म्हणतात, सवयीने येईल. ते कधी, आणि तोवर काय करायचं?

सवयीने येतं हे खरं, पण चुकीची सवयसुद्धा सवयीनेच लागते. सतरा वर्षं पुण्यात मराठी मुलामुलींना आणि अधूनमधून त्यांच्या आईवडिलांना स्पॅनिश शिकवते आहे. या एका धड्यात आपली माणसं ज्या चुका करतात, त्यांतल्या बऱ्याचशा इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत, कारण ती पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या चुका डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. आपला घोळ वेगळ्या जागी आहे.

पुढे जायच्या आधी एक सूचना. स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी कर्माचं सर्वनाम 'ला' आहे, आणि आपला विभक्तीचा प्रत्ययही 'ला'. तिकडे 'ते' म्हणजे 'तुला', इकडे 'ते' म्हणजे ती वस्तू. देवनागरीत लिहिताना हा गोंधळ अटळ आहे. म्हणून स्पॅनिश शब्द असेल तिथे मी तसं सांगेन, किंवा वाक्यावरून ते उघड असेल.

आधी दिलासा. 'मे', 'ते', 'नोस', 'ओस' ही चार सर्वनामं प्रत्यक्ष कर्मालाही (ज्याच्यावर क्रिया थेट होते) तीच आणि अप्रत्यक्ष कर्मालाही (ज्याच्याकडे काही पोहोचतं) तीच. 'मला पाहिलं' आणि 'मला दिलं', दोन्हीकडे 'मे'. म्हणजे मी, तू, आम्ही, तुम्ही यांच्यापुरता तुमचा प्रश्नच उरत नाही. सगळी लढाई तृतीय पुरुषात: प्रत्यक्ष कर्माच्या बाजूला 'लो, ला, लोस, लास', अप्रत्यक्षाच्या बाजूला 'ले, लेस'. ('तुम्ही' आदरार्थी असेल तर तो 'उस्तेद'ही व्याकरणात तृतीय पुरुषातच मोडतो, हे लक्षात असू द्या.)

आता खरी अडचण. शाळेत घोकलेलं आठवा: द्वितीया, स, ला, ते. चतुर्थी, स, ला, ते. दोन्ही विभक्त्यांचे प्रत्यय अगदी सारखे. परीक्षेत मुलं रडायची ती इथेच, कारण 'रामाला' ही द्वितीया की चतुर्थी हे नुसतं रूप बघून सांगता येत नाही. आपल्या कानाला 'मी मार्ताला पाहिलं' आणि 'मी मार्ताला पुस्तक दिलं' यांतली 'मार्ताला' एकच वाटते. स्पॅनिशला ती दोन वाटतात. पहिलीला 'ला वी', दुसरीला 'ले दी एल लिब्रो'. तक्ता पाठ असूनही तुम्ही अडता, कारण तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात जायचं हेच तुमचा मराठी कान सांगत नाही.

त्यात स्पॅनिश स्वतःही थोडी फसवते. घर पाहिलं तर 'वेओ ला कासा', पण मार्ताला पाहिलं तर 'वेओ आ मार्ता'. प्रत्यक्ष कर्म माणूस असेल तर त्याच्याआधी 'आ' येतो. हे आपल्याला चटकन कळतं, कारण आपणही नेमकं हेच करतो: 'घर पाहिलं', पण 'मार्ताला पाहिलं'. वर्गात हा नियम मी पाच मिनिटांत संपवते. मग मुलं निष्कर्ष काढतात की 'आ' म्हणजे आपला 'ला', आणि आपला 'ला' म्हणजे त्यांचा 'ले'. तिथून वाट चुकते.

यावर मी एक चाचणी वापरते. पुस्तकातली नाही, वर्गात रेटारेटी करता करता सापडलेली. वाक्यातल्या माणसाला उठवा आणि त्याच खुर्चीवर एखादी निर्जीव वस्तू बसवा. मराठीतला 'ला' गळून पडला, तर ते प्रत्यक्ष कर्म. स्पॅनिशमध्ये 'लो' किंवा 'ला'. 'ला' चिकटूनच राहिला, तर अप्रत्यक्ष, 'ले'.

करून बघा. 'मी तिला ओळखते.' तिच्या जागी आवाज बसवा: 'मी हा आवाज ओळखते.' गळला. म्हणून 'ला कोनोस्को'. 'मी तिला शोधते', 'मी किल्ली शोधते'. गळला, 'ला बुस्को'. 'मी तिला घरी आणलं', 'मी भाजी घरी आणली'. गळला. आता 'मी तिला सांगितलं.' तिच्या जागी ऑफिस बसवा: 'मी ऑफिसला सांगितलं.' राहिला. म्हणून 'ले दिहे'. 'मी तिला विचारलं', 'मी गूगलला विचारलं'. राहिला, 'ले प्रेगुंते'. माझं आवडतं उदाहरण 'मारणं' हे आहे. डास मारला, 'ला' नाही: जीव घेणं, 'लो माते'. पण भिंतीला लाथ मारली, 'ला' राहिला: नुसता मार देणं, 'ले पेगे'. मराठीत 'त्याला मारलं' या एका वाक्यात पोलिसांनाही दोन अर्थ लागतात. स्पॅनिशला मात्र नाही.

चाचणी चुकीची लावायचा धोका एकच आहे, आणि दर बॅचमध्ये कोणीतरी तो पत्करतंच. 'तिला सांगितलं' हे वाक्य घेऊन मुलगा म्हणतो, 'गोष्ट सांगितली. बघा मॅडम, ला गळला!' गळला खरा, पण गोष्ट तिच्या खुर्चीवर बसलेलीच नाही, ती शेजारच्या खुर्चीवर आहे. 'तिला गोष्ट सांगितली' असं दोघींना एकाच वाक्यात बसवता येतं ना? मग खुर्च्या दोन आहेत. ज्या वाक्यात माणूस आणि वस्तू अशा शेजारी शेजारी बसतात, तिथे माणूस 'ले' आणि वस्तू 'लो' किंवा 'ला'. ज्याच्याकडे वस्तू, निरोप, प्रश्न किंवा मार पोहोचतो, तो 'ले'.

आता ही चाचणी जिथे हात टेकते ती जागा दाखवते, कारण बी-वनच्या परीक्षेत नेमके तिथलेच शब्द येतात. 'मी तिला फोन केला.' वस्तू बसवा: 'ऑफिसला फोन केला.' 'ला' राहिला, म्हणून 'ले'? नाही. 'ला यामे'. 'मी तिला मदत केली', 'शाळेला मदत केली', तरीही 'ला आयुदे'. 'तिला नमस्कार केला', 'ला सालुदे'. 'तिचं अभिनंदन केलं', 'ला फेलिसिते'. 'तिची वाट पाहिली', 'ला एस्पेरे'. 'तिचं ऐकलं', 'ला एस्कुचे'. शेवटच्या तिन्हींत तर आपल्याकडे 'ला'ही नाही, 'चं' आणि 'ची' आहे.

असं का होतं हे एकदा कळलं की यादी पाठ करावी लागत नाही. मराठीत आपण पुष्कळ क्रिया नाम आणि 'करणं', 'मारणं', 'देणं' असं क्रियापद जोडून बनवतो: फोन करणं, मदत करणं, नमस्कार करणं, हाक मारणं, भेट देणं, वाट पाहणं. प्रत्यक्ष कर्माची खुर्ची फोन, मदत, नमस्कार, हाक यांनी आधीच अडवलेली असते. बिचाऱ्या माणसाला मग 'ला' नाहीतर 'ची' लावून बाजूला उभं राहावं लागतं. स्पॅनिशमध्ये त्याच क्रियेला एकच अखंड क्रियापद आहे, त्यामुळे खुर्ची रिकामी असते आणि माणूस थेट तिच्यावर जाऊन बसतो.

हे खरं आहे याचा पुरावा स्पॅनिशच देते. तिथेही ज्या क्षणी नाम वेगळं काढून खुर्चीवर बसवाल, त्या क्षणी माणूस 'ले' होतो. चुंबन घेतलं, 'ला बेसे'. पण चुंबन दिलं, 'ले दी उन बेसो'. मदत केली, 'ला आयुदे'. पण हातभार लावला, 'ले एचे उना मानो'. फोन केला, 'ला यामे'. पण 'यामादा' हे नाम घेतलं तर 'ले इसे उना यामादा'. कृती तीच, माणूस तोच, फक्त खुर्ची कोणी घेतली ते बदललं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच विचारायला शिकवते: स्पॅनिश वाक्यात थेट खुर्चीवर आधीच काही बसलंय का?

इथवरचं दोन ओळींत: मराठीत क्रियापद साधं असेल (पाहणं, आणणं, देणं, सांगणं) तर वस्तू बसवून बघा. जोड क्रियापद असेल (फोन करणं, मदत करणं) तर मराठीकडे बघूच नका, स्पॅनिश वाक्यातली खुर्ची बघा.

उलट बाजूची चूकही सांगते, कारण तुमच्या प्रश्नातल्या उदाहरणांत ती दिसली. मराठीत 'त्याला' आणि 'तिला' वेगळे. म्हणून मुलींविषयी बोलताना जीभ आपोआप स्त्रीलिंगी 'ला'कडे जाते: 'ला दी एल लिब्रो'. चुकलं. 'ले'ला लिंग नाही. त्याला दिलं तरी 'ले', तिला दिलं तरी 'ले'. गंमत म्हणजे माद्रिद आणि कास्तीयाच्या काही भागांत तिथले लोकही अगदी हीच चूक करतात. तिला 'लाईस्मो' असं नावही आहे. तुमच्या शिक्षकांपैकी कोणी तिकडचे असतील तर त्यांच्या तोंडून 'ला दिहे' ऐकू येईल. ऐका, पण परीक्षेत लिहू नका.

बाकी काही गोष्टी तुम्ही कुठली स्पॅनिश शिकता यावर ठरतात. स्पेनमध्ये बरेच लोक पुरुषाला पाहिलं तर 'लो वी' न म्हणता 'ले वी' म्हणतात. याला 'लेईस्मो' म्हणतात. माद्रिदची 'रेआल अकादेमिया एस्पान्योला', जी 1713 पासून या भाषेच्या शुद्ध-अशुद्धाचा निवाडा करते आहे, ती एकवचनी पुरुषापुरतं हे मान्य करते. बाईला 'ले वी' म्हणणं मात्र तिला मान्य नाही. समोरच्याला 'उस्तेद' म्हणताना आदरापोटी 'ले' वापरणंही खूप ठिकाणी चालतं. दुकानात तुम्हाला 'ले आयुदो?' असं विचारतील ते त्यातूनच. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना इथे पुरुषासाठी 'लो' सरसकट आहे, आणि 'ओस' हे सर्वनाम तिथे बोलण्यात नाहीच. बुएनोस आयरेसमध्ये तर 'लो वी आ हुआन' असं सर्वनाम आणि नाव दोन्ही मिळून म्हणतात, जे माद्रिदच्या कानाला खटकतं. तुम्हाला माझा सल्ला एवढाच: बोलणं पक्कं होईपर्यंत लॅटिन अमेरिकेची पद्धत धरा, पुरुष 'लो', बाई 'ला'. ती सगळीकडे बरोबर मानली जाते आणि डोक्याला ताप कमी. स्पेनमध्ये राहायला गेलात की 'लेईस्मो' आपोआप अंगात येईल.

आता पाच सेकंदांच्या शांततेकडे. दोन सर्वनामं एकत्र आली की तुम्ही थांबता, कारण मला वाटतं तुम्ही मनात इंग्रजी वाक्य तयार करता. इंग्रजीत आधी क्रियापद, मग वस्तू, मग 'कोणाला'. तिथून स्पॅनिशला यायला सगळी भांडी उलटी लावावी लागतात. मराठीतून या. 'त्याने मला ते दिलं' यातला कर्ता सोडून द्या: मला, ते, दिलं. स्पॅनिश: 'मे, लो, द्यो'. एकास एक. आधी माणूस, मग वस्तू, मग क्रियापद. आपला स्वाभाविक क्रम तोच त्यांचा सक्तीचा क्रम. 'तुला ती पाठवते', 'ते ला मांदो'. 'आम्हाला ते सांगितलं त्यांनी', 'नोस लो दिहेरोन'. या धड्यात मराठी माणसाला फुकट मिळालेली ही मालमत्ता आहे, आणि आपण ती इंग्रजीच्या नादात वाऱ्यावर सोडतो.

एकच खड्डा: 'ले' किंवा 'लेस'च्या पुढे 'लो, ला, लोस, लास' आलं की 'ले'चा 'से' होतो. 'ले लो दी' नाही, 'से लो दी'. का, असं प्रत्येक बॅच विचारते. पुस्तकं म्हणतात, दोन 'ल' कानाला बरे लागत नाहीत म्हणून. ते फारसं खरं नाही. लॅटिनमधल्या 'त्याला' आणि 'ते' या दोन शब्दांची जोडी झिजत झिजत जुन्या स्पॅनिशमध्ये साधारण 'झेलो' अशी झाली होती. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास ध्वनी बदलत गेले तेव्हा हा 'झे' आधीपासून असलेल्या 'से'मध्ये जाऊन मिसळला. म्हणजे या 'से'चा 'स्वतःला' अर्थाच्या 'से'शी रक्ताचा संबंध नाही, फक्त आडनाव सारखं.

त्याचा तोटा असा की 'से लो दी' म्हणजे त्याला दिलं, तिला दिलं, त्यांना दिलं की तुम्हाला दिलं, काहीच कळत नाही. म्हणून गरज पडली तर शेवटी 'आ एल' (त्याला), 'आ एया' (तिला), 'आ उस्तेदेस' (तुम्हाला) जोडतात. मेक्सिकोत लोकांनी यावर आपला जुगाड केला आहे: 'मी त्यांना ते सांगितलं' याला ते 'से लोस दिहे' म्हणतात. 'त्यांना'चं अनेकवचन 'से'मध्ये दिसत नाही, म्हणून बिचाऱ्या 'लो'ला लावून टाकलं. ऐकलंत तर दचकू नका, लेखी परीक्षेत करू नका.

यानंतर सर्वांत महागात पडणारी चूक, जी कोणी चूक म्हणून लिहूनच देत नाही. मराठीत आपण कर्म गाळतो. 'किल्ली कुठंय?' 'टेबलावर ठेवली.' 'पुस्तक दिलंस का?' 'हो, दिलं.' कोण कशाला 'ती' आणि 'ते' म्हणेल? स्पॅनिशमध्ये म्हणावंच लागतं: 'ला पुसे एन ला मेसा', 'सी, से लो दी'.

मी हे शिकले ते चाकणला. सुरुवातीच्या काळात मेक्सिकोहून आलेल्या पाहुण्यांसाठी दुभाषी म्हणून गेले होते. चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एका वयस्कर इंजिनिअरने मला विचारलं, 'इ लोस प्लानोस?', म्हणजे नकाशांचं काय झालं. मी ऐटीत म्हटलं, 'या मांदामोस आयेर', कालच पाठवले. तो बघत राहिला. बिस्किट हातात, मान किंचित पुढे. मला वाटलं उच्चार चुकला, म्हणून तेच पुन्हा जरा मोठ्याने सांगितलं. तो तरीही थांबलेला. मग लक्षात आलं की तो माझं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघतोय. 'पाठवले' काय, आणि कोणाला? 'या से लोस मांदामोस आयेर' म्हणेपर्यंत त्याच्या लेखी मी वाक्य अर्ध्यावर सोडलं होतं. बिस्किट चहात पडलं ते वेगळंच.

अपवाद एक, आणि तोही आपल्या सोयीचा. विशिष्ट वस्तू नसेल, नुसता जिन्नस असेल, तर गाळता येतं. 'कोंप्रास्ते पान?', पाव आणलास का? 'सी, कोंप्रे.' हो, आणला. पण 'एल पान', म्हणजे ठरलेला तो पाव, असा प्रश्न असेल तर 'सी, लो कोंप्रे'. (आपला पाव पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आला, त्यामुळे त्यांचा 'पान' आणि आपला पाव सख्खे चुलत भाऊ आहेत. मुलांना हे सांगितलं की हे उदाहरण विसरत नाहीत.)

गाळण्याच्या उलट टोकाला दुहेरीकरण. 'ले दी एल लिब्रो आ मार्ता' यात मार्ता असताना 'ले' कशाला, असं तुम्ही विचारलं आहे. मराठीत शब्दशः केलं तर 'मी तिला मार्ताला पुस्तक दिलं' असं विचित्र होतं. पण आपण बोलताना असं म्हणतोच की: 'मी तिला दिलं ना पुस्तक, मार्ताला.' मधला स्वल्पविराम काढून टाका, झाली स्पॅनिश. अप्रत्यक्ष कर्म असेल तर 'ले' लावून मोकळं व्हा. लावल्याने क्वचितच चुकतं, न लावल्याने बरेचदा उघडं वाटतं. आणि 'आ मी', 'आ एया' असं सर्वनाम आलं तर तिथे पर्यायच नाही: 'आ मी मे गुस्ता'. प्रत्यक्ष कर्म नाम असेल तर (वर सांगितलेलं बुएनोस आयरेस सोडून) दुहेरीकरण सहसा तेव्हा, जेव्हा ते क्रियापदाच्या आधी येतं: 'एल लिब्रो लो कोंप्रे आयेर'. 'ते पुस्तक ना, ते मी कालच घेतलं.' हाच ठेका.

'गुस्तार'वर मी फार वेळ घालवत नाही, कारण 'मे गुस्ता एल ते' म्हणजे तंतोतंत 'मला चहा आवडतो', आणि आंबे आवडतात तर 'मे गुस्तान'. इंग्रजी माणसं इथे महिनाभर अडकतात. आपली माणसं अडकतात ती मराठीवर जास्त विश्वास टाकल्यावर: प्रत्येक 'मला' म्हणजे 'मे' नाही. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला दोन भाऊ आहेत; या तिन्हींना स्पॅनिशमध्ये 'तेंगो', माझ्यापाशी आहे. मात्र 'मला वाटतं' हे 'मे पारेसे', आणि हातून ग्लास पडला तर 'से मे कायो एल वासो'. ग्लासच पडला, मी नाही पाडला. दोन्ही भाषा या बाबतीत सारख्याच बेरकी.

सर्वनाम कुठे ठेवायचं हे तुम्हाला येतं असं दिसतं, म्हणून झरझर. चालवलेल्या क्रियापदाच्या आधी, सुटं. 'कोंप्रार'सारखं मूळ रूप किंवा 'लेयेंदो'सारखं चालू रूप असेल तर त्याला मागून चिकटवा नाहीतर चालवलेल्या क्रियापदाच्या आधी न्या: 'क्येरो कोंप्रार्लो' किंवा 'लो क्येरो कोंप्रार' (मला ते विकत घ्यायचंय), दोन्ही चालतात. दोघांच्या मध्ये सुटं टांगू नका. आज्ञा होकारार्थी असेल तर मागे चिकटतं, 'दामेलो' (मला ते दे). नकारार्थी असेल तर क्रियापदाच्या आधी येतं, 'नो मे लो देस' (मला ते देऊ नकोस). लिहिताना शब्द लांबला की मूळ आघात दाखवायला आघातचिन्ह द्यावं लागतं: 'दामे'ला नको, 'दामेलो'च्या 'दा'वर हवं. मुलं इथे अर्धा-अर्धा गुण घालवतात.

सराव कसा करायचा? तक्ता मिटून ठेवा. जोड्या पाढ्यांसारख्या म्हणा: 'मे लो, ते लो, से लो, नोस लो', मग 'मे ला, ते ला, से ला'. अर्थाशिवाय, नुसत्या तालात, आंघोळ करताना. जोडी हा एकच शब्द आहे असं जिभेला वाटलं पाहिजे, तरच पाच सेकंदांचे दोन होतील. किती दिवसांत, ते तुम्ही रोज किती बोलता यावर आहे. वर्गाबाहेर एक अक्षर न बोलणाऱ्यांना वर्षभर लागलेलं पाहिलंय, आणि घरात बहिणीला पकडून बोलणारी एक मुलगी दीड महिन्यात मोकळी झाली.

तिने काय केलं तेच सांगते. जेवणाच्या टेबलावर जे काही मागायचं ते स्पॅनिशमध्ये, आणि वस्तूचं नाव एकदाच घ्यायचं, नंतर फक्त सर्वनाम. लिंग मराठीचं नाही, स्पॅनिशचं. मीठ आपल्याकडे नपुंसक, तिकडे स्त्रीलिंगी: 'मे ला पासास?', म्हणजे 'जरा इकडे देतेस?' भात पुल्लिंगी दोन्हीकडे: 'मे लो पासास?' दूध तिकडे बाई. काटे-चमचे तुम्ही शोधून काढा. आज रात्री पाण्यापासून सुरुवात करा. त्याच्या आधी 'एल' लागतो म्हणून तुम्ही 'मे लो पासास?' म्हणाल, सगळेच म्हणतात. 'आग्वा' स्त्रीलिंगी आहे, 'एल' फक्त उच्चाराच्या सोयीसाठी. 'मे ला पासास?'